बिअर गेम: उशिरा पोचणाऱ्या फीडबॅकची गोष्ट

आजच्या भागात एका खेळाचा इतिहास सांगायचाय. खेळाचं नाव बिअर गेम. नाव ऐकून ज्यांनी आवाज वाढवला असेल त्यांना आधीच सांगून टाकतो, यात बिअरचा एक थेंबही नसतो. एक लांब कागदी पट, काही चिठ्ठ्या, मूठभर नाणी किंवा सोंगट्या आणि टेबलाला लागून बसलेली चार माणसं, एवढंच सामान. अमेरिकेत एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये १९६० च्या सुमारास हा खेळ तयार झाला. आजही मॅनेजमेंटच्या वर्गांत आणि कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये टीमला फीडबॅक म्हणजे काय आणि बदलाशी जुळवून घेणं म्हणजे काय, हे शिकवायला तो खेळवतात.

पण त्याची मुळं ट्रेनिंग रूममध्ये नाहीत. ती आहेत केंटकी राज्यातल्या कारखान्यांत, आणि तिथे प्रश्न लोकांच्या पोटापाण्याचा होता.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे तिथे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. या कारखान्यांचं एक विचित्र चक्र होतं. कधी इतकं काम की तीन-तीन, चार-चार पाळ्या चालायच्या. मग दोन-चार वर्षांत अशी वेळ यायची की निम्म्या लोकांना घरी पाठवावं लागायचं. पुन्हा भरती, पुन्हा कपात. कारण विचारलं की उत्तर तयार असायचं: बाजारात तेजी-मंदी असते, आपण काय करणार? कंपनीतल्या काही लोकांना मात्र हे उत्तर पुरेसं वाटत नव्हतं. त्यांची गाठ पडली एमआयटीतल्या जे फॉरेस्टर या प्राध्यापकाशी.

आता फॉरेस्टरबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण हा माणूस मॅनेजमेंटचा नव्हताच. जन्म १९१८ चा, नेब्रास्कामधल्या गुरांच्या रँचवर. घरी वीज नव्हती. शाळेत असतानाच त्याने जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून पवनचक्कीवर चालणारी बारा व्होल्टची वीजयंत्रणा उभी केली आणि रँचवर पहिल्यांदा दिवे लागले. पुढे इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग केलं, एमआयटीत गॉर्डन ब्राउन यांच्या सर्वोमेकॅनिझम लॅबमध्ये कामाला लागला. सर्वोमेकॅनिझम म्हणजे स्वतःची चूक मोजून स्वतःला सुधारणारी यंत्रणा. तोफ किंवा रडारचा अँटेना लक्ष्याच्या दिशेने फिरवायचा, किती अंतर राहिलं ते मोजायचं, तेवढंच पुन्हा फिरवायचं. दुसऱ्या महायुद्धात याला फार किंमत होती.

१९४३ मध्ये या लॅबने बनवलेली रडारची एक प्रायोगिक यंत्रणा लेक्सिंग्टन या विमानवाहू जहाजावर बसवलेली होती आणि ती बंद पडली. फॉरेस्टर दुरुस्तीसाठी पर्ल हार्बरला गेला. काम पूर्ण होईना आणि जहाजाची निघायची वेळ झाली, तर हा गडी तसाच जहाजावर थांबला आणि युद्धात गेला. डिसेंबरमध्ये जहाजाला टॉर्पेडो लागला. जहाज वाचलं, हाही वाचला. प्रॉडक्शनमधला बग दुरुस्त करायला क्लायंटकडे जाणं कशाला म्हणतात ते इथे कळतं. आपण वीकेंडच्या ऑनकॉलवरून कुरकुर करतो.

युद्धानंतर त्याने व्हर्लविंड नावाचा संगणक बांधण्याच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं आणि त्यासाठी मॅग्नेटिक कोअर मेमरी विकसित केली. पुढची साधारण वीस वर्षं जगभरातले संगणक त्याच तऱ्हेच्या मेमरीवर चालले. आणि एवढं सगळं झाल्यावर, १९५६ मध्ये, तो नव्याने सुरू झालेल्या मॅनेजमेंटच्या शाळेत शिकवायला गेला. केंटकीचा प्रश्न त्याच्यासमोर आला तो तिथे.

त्याने आधी लोकांना विचारलं की तुम्ही निर्णय कसे घेता. माल किती शिल्लक असला की ऑर्डर किती देता, ऑर्डरी किती साठल्या की माणसं किती घेता. मग एक वही घेतली. वर रकाने: शिल्लक माल, कामगार, ऑर्डरी. खाली आठवड्यामागून आठवडा आकडे भरत गेला, लोकांनी सांगितलेले नियम जसेच्या तसे वापरून. पेन्सिल आणि कागद, बस्स. उत्तर असं निघालं की बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर ठेवली तरी कारखान्यातली कामगारसंख्या वर-खाली होत राहू शकते. तेजी-मंदी बाजारातून यायलाच हवी असं नाही, कंपनीचे स्वतःचे, एकेकटे पाहिले तर शहाणपणाचे वाटणारे निर्णय मिळून ती तयार करू शकतात.

मला या वहीबद्दल फार आदर आहे. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना तोवर नशिबाचं किंवा बाजाराचं कारण सांगितलं जात होतं. इथे पहिल्यांदा कोणीतरी आकडेमोड करून दाखवलं की ही लाट घरातूनच उठू शकते.

हे हातानं करण्याचं काम लवकरच संगणकाकडे गेलं. १९५८ मध्ये रिचर्ड बेनेट या सहकाऱ्याने अशी समीकरणं चालवणारा एक कंपायलर लिहिला, त्याचं नाव सिंपल. पुढे फिलिस फॉक्स आणि अलेक्झांडर प्यू यांनी डायनॅमो नावाची भाषा केली. १९५८ मध्येच फॉरेस्टरचा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला आणि १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक. पण ज्याने संगणकाची मेमरी विकसित केली, त्याच्याच गटाला आपलं म्हणणं मॅनेजर लोकांना पटवायला शेवटी कागदी पट वापरावा लागला, ही गंमत बघा. आलेख दाखवला की माणूस मान डोलावतो आणि मनात म्हणतो, मी असतो तर असं केलं नसतं. म्हणून त्याला खेळायलाच बसवायचं.

खेळ असा. पटावर चार जागा: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला बिअरचे १२ क्रेट. एक फेरी म्हणजे एक आठवडा. ग्राहकाची मागणी एका पत्त्यांच्या गड्डीवर लिहिलेली असते आणि ती फक्त दुकानदार बघतो. तो माल देतो, मग व्यापाऱ्याकडे किती मागवायचा ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी सरकवतो. व्यापारी वितरकाकडे, वितरक कारखान्याकडे. आपसात बोलायचं नाही, चिठ्ठी हाच संवाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उशीर. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल पटावरच्या मधल्या चौकोनांतून सरकत यायला दोन आठवडे लागतात. आज मागवलेलं हातात पडायला तीन-चार आठवडे जातात. पडून राहिलेल्या क्रेटला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि मागणी पुरी करता आली नाही तर न दिलेल्या प्रत्येक क्रेटमागे एक डॉलर. टीमचा एकूण खर्च कमीत कमी ठेवायचा.

पहिले चार आठवडे मागणी ४ क्रेट. पाचव्या आठवड्यात ती ८ होते. आणि मग खेळ संपेपर्यंत ८ च राहते. एवढाच काय तो बदल.

पण टेबलावर काय होतं ते ऐका. दुकानदाराचा साठा उतरायला लागतो. तो घाबरून ८ ऐवजी थोडे जास्त मागवतो. माल येत नाही, कारण तो वाटेत आहे. तो आणखी मागवतो. व्यापाऱ्याला दिसतं की मागणी भयंकर वाढली, तो त्याहून जास्त मागवतो. वितरक त्याच्यावर चढ. कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर महापूर. मग काही आठवड्यांनी मागवलेला सगळा माल एकदम येऊन थडकतो. साठा डोक्यावर. सगळे शून्य ऑर्डर द्यायला लागतात, कारखाना ओस पडतो. केंटकीचं चक्र दीड तासात टेबलावर.

जॉन स्टर्मन हे फॉरेस्टर यांच्याच परंपरेतले एमआयटीचे प्राध्यापक. त्यांनी चार वर्षं हा खेळ खेळवून नोंदी ठेवल्या आणि १९८९ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. खेळणाऱ्यांत पदवीचे विद्यार्थी होते, पीएचडीवाले होते, कंपन्यांचे अधिकारी होते. ग्राहकाची मागणी फक्त ८ वर गेलेली असताना कारखान्याने दिलेल्या सर्वांत मोठ्या ऑर्डरची सरासरी तीसच्या वर गेली. एका टीमचा सरासरी खर्च झाला सुमारे २,००० डॉलर, आणि शांतपणे एक साधा नियम पाळला असता तर तोच २०४ डॉलरमध्ये भागला असता. दहापट! चूक कुठे होते तेही त्यांनी शोधलं. लोक समोरचा साठा बघतात, पण आपणच आधी मागवलेला आणि अजून वाटेत असलेला माल हिशोबात धरत नाहीत.

माझ्यातला इंजिनीअर इथे जागा होतो. बीटेकला कंट्रोल सिस्टिम शिकताना एक गोष्ट डोक्यात बसते. फीडबॅक हा शब्द ऑफिसच्या अप्रेझल फॉर्ममधून जन्मलेला नाही, तो आला रेडिओ आणि टेलिफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून. आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे आणायचा. हा परत येणारा संदेश वेळेत आला तर यंत्रणा स्थिरावते. तोच उशिरा आला आणि तुम्ही त्यावर जोरात प्रतिक्रिया दिलीत तर ती झोके घ्यायला लागते. पुण्यातल्या कुठल्याही सोलरवाल्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहून बघा. नळ सोडला, गार पाणी. आणखी सोडला, गारच. पूर्ण सोडला, आणि मग गच्चीवरून जे येतं ते अंग भाजून काढतं. जुने रहिवासी एकदा नळ सोडून बादली भरेपर्यंत दात घासत उभे राहतात. त्यांना पाइपची लांबी माहीत असते.

बदलाशी जुळवून घेणं या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बहुतेक वेळा वेगानं हलणं असा घेतला जातो. चपळ राहा, पटकन प्रतिक्रिया द्या. या खेळात सर्वांत जास्त नुकसान पटकन प्रतिक्रिया देणाऱ्याचं होतं, आणि त्याच्यामुळे बाकी तिघांचंही.

आमच्या टीममध्ये हा खेळ आम्ही मागच्या वर्षी एका शुक्रवारी खेळलो. बिअर हा शब्द कॉन्फरन्स रूमच्या बुकिंगमध्ये नको म्हणून आम्ही त्याचं राजमा गेम केलं आणि सोंगट्या म्हणून खरोखर राजमा वापरला. मी पंच होतो, गड्डी माझ्या हातात. दोन टेबलं. एरवी स्टँडअपला एक वाक्य न बोलणारी आमची टेस्टर ताई वितरक होती आणि पंधराव्या आठवड्याच्या आसपास ती व्यापारी झालेल्या सीनिअर डेव्हलपरकडे अशी बघत होती, की बोलायची बंदी नसती तर काही खरं नव्हतं. शेवटी मी सगळ्यांना एक कागद दिला आणि सांगितलं, ग्राहकाची मागणी कशी होती असं तुम्हाला वाटतं त्याचा आलेख काढा. जवळजवळ सगळ्यांनी डोंगर-दऱ्या काढल्या. मग मी गड्डी उलटली. चार, चार, चार, चार, आठ, आठ, आठ. काही सेकंद कोणी बोललं नाही. मग दोन्ही टेबलांचे आलेख शेजारी लावले. वेगळी माणसं, वेगळे स्वभाव, पण लाटेचा आकार तोच.

शिकवण्याचं काम खरं तर तो आलेख करतो. स्टर्मन यांनीही हेच नोंदवलंय, की खेळणारे आधी शेजाऱ्याला दोष देतात, नाहीतर ग्राहकाला. एकाच टीमची लाट बघितली तर ‘अमुकने घाण केली’ म्हणता येतं. अनेक टीमची सारखीच लाट बघितल्यावर ते म्हणणं अवघड जातं, कारण मग दोष रचनेकडे जातो. पीटर सेंगी यांनी १९९० च्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या पुस्तकात हा खेळ सविस्तर सांगितला आणि तिथून तो जगभरच्या कंपन्यांत पोचला.

तुम्ही म्हणाल, बोलायला बंदी होती म्हणून झालं. माहिती सगळ्यांना दिली की प्रश्न मिटेल. मलाही हे उत्तर आवडलं असतं, डॅशबोर्ड बनवणं हे माझं पोट आहे. पण संशोधन काही वेगळंच सांगतं. रेचेल क्रोसन आणि कॅरन डोनोह्यू यांनी २००६ मध्ये दाखवलं की मागणी कशा पद्धतीने बदलणार हे सगळ्यांना आधीच सांगितलं तरी लाट येतेच. सगळ्यांचे साठे सगळ्यांना दिसू लागले तर ती कमी होते, पण जात नाही. पुढे २०१४ मध्ये याच दोघींनी एलेना कातोक आणि स्टर्मन यांच्यासोबत आणखी टोकाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मागणी बदलतच नाही, आणि हे प्रत्येकाला माहीत आहे. तरीही लाट! कारण मला माहीत आहे हे खरं, पण शेजारच्याला ते समजलंय का, तो नीट वागेल का, याची खात्री नसते. म्हणून माणूस थोडा जास्तीचा माल जवळ ठेवतो, आणि तो थोडा जास्तीचा माल पुढच्याला वादळासारखा दिसतो.

खऱ्या जगात याचं नाव बुलव्हिप इफेक्ट. बुलव्हिप म्हणजे गुरं हाकायचा लांब आसूड, मनगटाला थोडा झटका दिला की टोकाला केवढी तरी लाट जाते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतल्या लोकांनी लहान मुलांच्या डायपरच्या ऑर्डरी तपासल्या तेव्हा हे त्यांच्या ध्यानात आलं. बाळं काही लाटेने शू करत नाहीत, दुकानातला खप जवळपास सरळ रेषेत होता, पण मागे-मागे जाल तशा ऑर्डरी उसळत होत्या. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची कारणं मांडली. त्यातलं एक कारण मला आपल्या धंद्यात रोज दिसतं: तुटवडा आहे असं कळलं की लोक गरजेपेक्षा जास्त मागवतात, म्हणजे मग कापून का होईना, पाहिजे तेवढं मिळेल. या खोट्या ऑर्डरी पुढच्याला खऱ्या वाटतात.

२०२१ आठवतंय? नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, आणि त्या नव्वद दिवसांत एकेका मुलाच्या हातात तीन-तीन, चार-चार ऑफर लेटर. एचआरला माहीत होतं की यातले निम्मे येणार नाहीत, म्हणून ते दहा जागांना पंधरा ऑफर देत. उमेदवाराला माहीत होतं की ऑफर फिरू शकते, म्हणून तो आणखी एक खिशात ठेवी. सगळे आपापल्या जागी शहाणेच. पण पटावर बघाल तर पालथ्या चिठ्ठ्या आणि तीन महिन्यांचा उशीर. माल येऊन पडला २०२२ मध्ये. ९ नोव्हेंबर २०२२ ला मेटाने ११,००० हून जास्त लोकांना काढलं, आणि झुकरबर्गने कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं की कोविडच्या काळातली ऑनलाइन वाढ टिकेल असं धरून आपण गुंतवणूक वाढवली होती. आपल्याकडे कॅम्पसमधून निवडलेली पोरं हातात ऑफर लेटर घेऊन महिनोन्‌महिने जॉइनिंगच्या मेलची वाट बघत बसली. माझ्या ओळखीतल्या एकाने त्या काळात मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळला. त्याला घरचे विचारायचे, तुझंच काही चुकलं का रे?

त्या लाटेचं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, व्याजदर होते, युद्ध होतं, बाकीही बरंच होतं. पण केंटकीतल्या कामगारालाही बाजार, तेजी-मंदी अशीच कारणं सांगितली होती. फॉरेस्टरने वही उघडून विचारलं ते वेगळं होतं: यातला किती भाग आपल्याच नियमांनी तयार केला? हा प्रश्न कुठल्याही टीममध्ये विचारता येतो. कामाचं परीक्षण वर्षातून एकदा होत असेल तर तो बारा महिन्यांचा पाइप आहे. टेस्टिंगचा निकाल दोन आठवड्यांनी येत असेल आणि दरम्यान आपण आणखी दहा बदल ढकलत असू, तर वाटेतला माल कोण मोजतंय?

आमच्या त्या शुक्रवारानंतर बोर्डावर एक रकाना वाढला, ‘वाटेत’ नावाचा. केलेलं पण निकाल न आलेलं सगळं काम तिथे असतं आणि तो रकाना भरला की नवीन काम उचलायचं नाही. दोनदा तो नियम मोडला गेलाय. मॅनेजर दर सोमवारी त्या रकान्याकडे बघून उसासा टाकतात, पण पुसत नाहीत.

तुम्हाला खेळायचा असेल तर आठ माणसं, दोन टेबलं आणि दीड-दोन तास लागतात. पट घरी चार्टपेपरवर काढता येतो. खेळ ५० आठवडे चालणार असं सांगा आणि ३६ व्या आठवड्याला थांबवा, म्हणजे शेवटी कोणी साठा मुद्दाम रिकामा करत नाही. आणि गड्डी उलटायच्या आधी ग्राहकाचा आलेख सगळ्यांकडून काढून घ्या, नाव घालून. नंतर काढायला सांगितलात तर सगळेच सरळ रेषा काढतात.